बाकडी ४००, काट्यावर २६० : भोसरीतल्या एका कारखान्याची केस

ही सरकारी बाकड्यांच्या टेंडरात झालेल्या घोटाळ्याची केस आहे. नावं बदललीयत, आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, पण हिशोब जुळेल एवढे खरे ठेवलेत. कुठली महापालिका का नगरपालिका का कँटोन्मेंट ते विचारू नका, पुण्याच्या आजूबाजूला अशा संस्थांना तोटा नाही. मी नारायण पेठेत टॅक्सची कामं बघतो, दोन टेबलं आणि एक कपाट एवढंच ऑफिस आहे, आणि या केसमध्ये सल्ला देणारा मीच होतो त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, तो लपवणार नाही.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनचा कारखाना, ३८ माणसं. मालकांना सगळे काका म्हणतात. काका १९८८ ला सांगलीकडून आले, एक सेकंडहँड लेथ घेऊन भाड्याच्या शेडमध्ये सुरू केलं, मग मोठ्या ऑटो कंपन्यांच्या व्हेंडरांना ब्रॅकेट पुरवत पुरवत स्वतःची शेड झाली. हिशोब बघायला मेधाताई, वय ४१, बीकॉम, त्या कारखान्यात चौदा वर्षं. जीएसटी, पगार, बँक, पुढे पुढे टेंडर भरणं पण त्यांच्याकडेच आलं कारण पोर्टलवर पीडीएफ चढवायचं डोकं आणि पेशन्स दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ऑटोचं काम निम्म्यावर आलं. मार्च ते ऑगस्ट २०२० मोरेटोरियम म्हणजे हप्ते थांबवायची सवलत मिळाली, आधीच्या कर्जाच्या २० टक्के एवढं सरकारच्या गॅरंटीवालं जादा लोनही घेतलं, पण लोन म्हणजे लोनच, ते फेडायचंय. २०२१ उजाडेपर्यंत कॅश क्रेडिट कायम टोकाला लागलेलं, बँकेचा मॅनेजर दर आठवड्याला फोन करायचा की ९० दिवस व्हायच्या आत व्याज भरा नाहीतर खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जात जाईल. काकांचा मुलगा निखिल, इंजिनियर, तिशीतला, तोवर कारखान्यात लक्ष घालायला लागला होता. त्याला कोणीतरी 'पाहुण्यां'शी भेटवलं.

पाहुणे हे त्यांचं कारखान्यातलं टोपणनाव. फोन आला की शिपाई सांगायचा, पाहुण्यांचा फोन आहे. या माणसाची स्वतःची एक सप्लायची फर्म, एक बायकोच्या नावावर, एक ड्रायव्हरच्या नावावर. बसायला सरकारी ऑफिसच्या जवळच एक गाळा. काम काय तर कुठलं टेंडर कोणाला जायचं ते ठरवणं. वर कोणाकोणाशी ऊठबस होती ते मला माहीत नाही, मी फक्त एवढं सांगतो की टेंडर निघायच्या आधी त्यातल्या अटी त्यांच्याकडे टाइप केलेल्या असायच्या.

पहिलं काम अगदी साधं होतं. निखिलला सांगितलं, तुमच्या फर्मच्या नावाने एक सपोर्ट टेंडर टाका, रेट आम्ही सांगू, बयाणा रक्कम आम्ही देऊ, तुमचं काही जात नाही. सपोर्ट टेंडर म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुरेसे स्पर्धक दिसले नाहीत तर टेंडरला मुदतवाढ द्यावी लागते, म्हणून ज्याला काम मिळायचंय तो स्वतःचा रेट टाकतो आणि त्याच्यापेक्षा जरा वरचे रेट दोन ओळखीचे टाकतात. कागदावर स्पर्धा झाली. मेधाताईंनी फॉर्म भरला, काकांच्या नावाच्या डिजिटल सिग्नेचरचा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच असायचा तो लावला, सबमिट केलं. पाच मिनिटांचं काम. त्याबद्दल काही हजार रुपये आले आणि वर आश्वासन, की आता तुमचा पण नंबर लागेल.

या जागी मी जरा थांबतो. नंतर मी मेधाताईंना खूपदा विचारलं की तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं हे बरोबर नाही, तर त्या प्रत्येक वेळी २०२३ चं सांगायच्या. २०२१ च्या त्या पाच मिनिटांचं त्यांना काही आठवतच नव्हतं, कुठलं टेंडर होतं तेसुद्धा जुना ईमेल शोधून काढावं लागलं. आणि माझ्या मते या केसमधला सगळ्यात मोठा निर्णय तिथेच झाला होता, फक्त तो निर्णय आहे असं कोणालाच वाटलं नाही.

प्रॉब्लेम नेमका काय झाला

दोन वर्षांत नऊ सपोर्ट टेंडर झाली, मधे दोन कामंही मिळाली, आणि मग जानेवारी २०२३ मध्ये मोठा नंबर लागला. स्टीलची बाकडी, ४०० नग, बागा, बसस्टॉप, सोसायट्यांच्या बाहेर वगैरे बसवायची. पुण्यात राहणाऱ्याला बाकड्यांबद्दल वेगळं सांगायला नको, पाठीवर 'सौजन्याने' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि बसायला जागा कमी.

इस्टिमेट ११,८०० रुपये एका बाकड्याला. तसंच बाकडं बाजारात ६,२०० च्या आसपास मिळत होतं, कारखान्याला स्वतः बनवायला आणि बसवायला मिळून ५,२०० पडत होते. तीन बिड आली. कारखान्याचं अर्धा टक्का बिलो म्हणजे ११,७४१, पाहुण्यांच्या बायकोच्या फर्मचं इस्टिमेटच्या वर, आणि ड्रायव्हरच्या फर्मचं त्याच्याही वर. तिन्ही बिड मेधाताईंच्या टेबलावरून, एकाच कॉम्प्युटरवरून, चहा थंड व्हायच्या आत. फक्त पेनड्राइव्ह बदलायचा. त्या म्हणाल्या, ड्रायव्हरच्या फर्मचं अनुभव प्रमाणपत्र चढवताना मी बघितलं तर त्यातलं स्पेलिंग आणि आपल्या प्रमाणपत्रातलं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं होतं.

आता ४०० गुणिले ११,७४१ म्हणजे ४६ लाख ९६ हजार ४००, जीएसटी धरून. मार्च एंडिंगच्या गडबडीत काम पूर्ण दाखवलं, मोजमाप पुस्तिकेत ज्युनियर इंजिनियरची सही झाली, फोटो जोडले, ३१ मार्चच्या आत बिल पास. आपल्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी ऑफिसमध्ये जे चालतं ते ज्याने बघितलंय त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही, बजेट लॅप्स होऊ नये म्हणून फाइल अक्षरशः पळत असते. फोटोंमध्ये अकरा ठिकाणी तोच गुलमोहर होता, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेला. कोणी बघितलं नाही.

प्रत्यक्षात बाकडी गेली २६०.

हे मेधाताईंना कसं कळलं? कोणी सांगितलं नाही. एक बाकडं ४२ किलोचं. चारशे म्हणजे १६.८ टन, कटिंगचा स्क्रॅप धरला तर साडेसतरा टनांच्या आसपास माल लागणार. खरेदी रजिस्टरला आणि वजनकाट्याच्या पावत्यांवर साडेअकरा टन. साडेअकरात स्क्रॅप जाऊन बरोब्बर दोनशेसाठ बसतात. त्यांना आधी वाटलं बिल यायचं राहिलंय, म्हणून निखिलला विचारलं. निखिल म्हणाला, ताई, सहा टनांचं बिल येतंय उद्या, बुक करून टाका, माल यायचा नाहीये. आणि आरटीजीएस त्या पार्टीला करा, ती पार्टी आपलं कमिशन कापून कॅश परत देईल.

म्हणजे पैसे बाहेर काढायची पाइप ती होती. बिल ४०० चं मिळालं, माल २६० चा गेला, मधल्या १४० चे १६ लाख ४३ हजार, त्यातले जवळजवळ पंधरा लाख 'वाटपा'साठी कॅशमध्ये हवे होते, आणि बँकेतून कॅश काढली तर दिसतं म्हणून खोटी बिलं. लेबर चार्जेस, ट्रान्सपोर्ट अशी दोन-तीन आधीच येऊन गेलेली आणि ती मेधाताईंनीच बुक केलेली, तेव्हा त्यांना शंका आली होती पण विचारलं नव्हतं. स्टीलचं बिल मात्र वेगळं, कारण त्यावर इनपुट क्रेडिट घ्यायचं, म्हणजे न आलेल्या मालाचा टॅक्स सरकारकडून वजा करून घ्यायचा. महापालिकेला एकदा फसवलं, आता जीएसटीलाही, आणि या वेळी रिटर्नवर बोट मेधाताईंचं. मार्चचं ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, २० एप्रिलच्या आत भरायचं होतं. १५ एप्रिलला, शनिवारी दुपारी, त्या माझ्याकडे आल्या.

समोर काय काय पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे बिल बुक करायचं आणि गप्प बसायचं. खरं सांगतो, शंभरातले नव्वद जण हेच करतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. मुलीची बारावी, नवऱ्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, घराचा हप्ता. पण मेधाताई म्हणाल्या, सर मला झोप लागत नाहीये, मी दर वेळी डोळे मिटले की काटा दिसतो. हा पर्याय बाद.

दुसरा, राजीनामा. मी आधी हेच सुचवलं होतं. पण राजीनामा दिला तरी आधीची खोटी बिलं त्यांनीच बुक केलेली, टेंडर त्यांनीच भरलेली, त्यातून त्या सुटत नव्हत्या. आणि बाहेर पडलं की आतलं काही दिसत नाही, म्हणजे स्वतःच्या बचावासाठीसुद्धा हातात काही नाही.

तिसरा, लाचलुचपत खातं. १०६४ नंबर सगळ्यांना माहीत असतो. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात बदल झाला आणि लाच देणारापण सरळसरळ गुन्हेगार झाला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सूट आहे, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत कळवलं पाहिजे. आधी येऊन सांगितलं आणि मग सापळा लावला तर प्रश्न नाही. इथे बरीचशी कॅश मार्चमध्येच गेली होती, सात दिवस केव्हाच उलटले होते, आणि जबरदस्ती तरी कुठे होती, रांगेत उभं राहून नंबर लावला होता. वर सरकारी माणसाच्या निर्णयाची चौकशी करायची तर त्याच कायद्यातल्या १७-अ खाली आधी परवानगी लागते. सापळ्यात रंगेहाथ पकडलं तर लागत नाही, पण इथे पकडायला काही उरलंच नव्हतं.

चौथा पर्याय मला सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटतो, आणि आम्ही त्याच्यावर सगळ्यात कमी वेळ घालवला. स्पर्धा आयोग. टेंडरमध्ये संगनमत करणं हे स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली येतं, दंड जबरदस्त आहे, जितकी वर्षं हे चाललं त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. पण त्यात एक दार उघडं ठेवलंय. रिंगमधला, म्हणजे संगनमत करणाऱ्यांतला, जो पहिला येऊन सगळं खरं खरं सांगेल त्याला दंडात १०० टक्क्यांपर्यंत सूट, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला ३०. २०१७ नंतर तर कंपनीतली व्यक्तीसुद्धा स्वतः अर्ज करू शकते. आणि हे काही दिल्लीमुंबईचं प्रकरण नाही, पुण्याचंच उदाहरण आहे. इथल्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरांबद्दल नागरिक चेतना मंचाने तक्रार केली होती, आयोगाने मे २०१८ मध्ये संगनमत झालं असा निकाल दिला आणि फर्मना आणि त्यांच्या माणसांनाही दंड केला. त्यात पुरावा काय होता, तर वेगवेगळ्या फर्मची बिडं एकाच आयपी अ‍ॅड्रेसवरून भरलेली. मेधाताईंच्या टेबलाची हुबेहूब गोष्ट. काही जणांनी त्या प्रकरणात कबुली देऊन सूटही मिळवली होती.

मग आम्ही हे का केलं नाही? एक तर आयोग फर्मला दंड करू शकतो, सही करणाऱ्या इंजिनियरला तो हात लावत नाही. दुसरं, स्पर्धा आयोगातली सूट म्हणजे फौजदारीतली माफी नव्हे. तिसरं आणि खरं कारण, मला स्वतःला त्या प्रक्रियेचा अनुभव नव्हता, दिल्लीचा वकील, त्याची फी, या विचाराने मीच कच खाल्ली आणि ताईंना ते 'आपल्यासारख्यांचं काम नाही' असं सांगून टाकलं. हे वाक्य मला अजून टोचतं.

पाचवा, माहिती अधिकारवाले कोणी गाठायचे. पुण्यात ही मंडळी भक्कम आहेत. तेव्हा दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत जाऊन फाइली बघता यायच्या, ही पद्धत पुण्यात रुळली आणि पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने इतर ठिकाणीही लागू केली. पण मेधाताईंचा नवरा त्या दिवशी सोबत होता, तो इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, तळेगावच्या सतीश शेट्टींचं काय झालं माहितीय ना. जमिनीचे व्यवहार बाहेर काढायचे, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. मी म्हणलं बाकड्यांसाठी कोणी एवढं करत नाही. तो म्हणाला, सर, बाकड्यांसाठी नाही करत, पाहुण्यांसाठी करतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये पास केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून लागूच केलेला नाही. लिस्टेड कंपन्यांमध्ये तक्रारीची व्यवस्था ठेवावी लागते, ३८ माणसांच्या शेडमध्ये तक्रारपेटी म्हणजे काकांचे कान.

म्हणून शेवटी तिथेच गेलो.

काय केलं

रविवारी १६ एप्रिलला सकाळी काकांच्या घरी, मोशीला. काकूंनी पोहे केले होते आणि ते कोणी खाल्ले नाहीत. मेधाताईंनी काट्याच्या पावत्या समोर ठेवल्या. काकांनी चष्मा लावला, एकेक पावती बघितली, मग कागदावर स्वतः गुणाकार केला. फॅब्रिकेशनवाल्याला किलोची भाषा लगेच समजते, त्याला कायद्याचं कलम सांगावं लागत नाही.

निखिलला बोलावलं. काकांनी त्याला एवढंच विचारलं, "अरे ह्या भावात चारशेची चारशे दिली असती तरी पैसे उरत होते, मग हे एकशेचाळीस खायचं काय नडलं होतं?"

निखिल म्हणाला, "बाबा, उरत होते ते आपले नव्हतेच. टक्केवारी आधीच ठरलेली असते. १४० नगांचा आकडापण त्यांनीच दिला."

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो की हावरट कंत्राटदार सरकारला लुटतो किंवा हावरट अधिकारी कंत्राटदाराला पिळतो. इथे रेट दुप्पट धरला होता तोच मुळी वाटणीसाठी, आणि तो दुप्पट रेटही पुरला नाही म्हणून मालच कमी केला. मधले सगळे आपापला हिस्सा बिलाच्या टक्क्यांत मोजत होते, त्यामुळे बिल फुगवण्यात सगळ्यांचा इंटरेस्ट सारखा. राज्यात बऱ्याच महापालिकांत २०२२ नंतर निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासक होते, तेव्हा लोक म्हणायचे आता टक्केवारी बंद होईल. टक्केवारीला काही सभागृह लागत नाही.

तासभर वाद झाला. निखिल म्हणत होता आत्ता मागे फिरलो तर आधीच्या दोन कामांची बिलं आणि सुरक्षा ठेवी अडकवतील. खरंच होतं ते. काका म्हणाले, आपण दोन गोष्टी करू. खोटं स्टीलचं बिल बुक करायचं नाही, आधीच्या खोट्या बिलांवर काही क्रेडिट घेतलं गेलं असेल तर ते व्याजासकट परत भरायचं. आणि उरलेली १४० बाकडी पदरचे पैसे घालून बनवायची आणि देऊन टाकायची. "माल दिला की माझा देव माझ्याकडे बघेल," असं म्हणाले.

मी तिथे विचारलं होतं की आयुक्तांना एक पत्र देऊया का, की पुरवठा कमी झाला होता, आता पूर्ण करतोय. निखिल उसळला, म्हणजे स्वतःच्या हाताने फाशीचा दोर द्यायचा. काका माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणलं, बघा, आधी माल देऊन टाका, पत्राचं नंतर बघू.

पत्राचं नंतर कधीच बघितलं नाही.

काय झालं

१४० बाकडी मे महिन्यात तयार झाली, साडेसात लाखांच्या आसपास खर्च आला, त्यासाठी काकांनी काकूंचे दागिने ठेवले हे मला खूप नंतर कळलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रक वॉर्ड ऑफिसला गेला आणि तिथे घोडं अडलं. ज्युनियर इंजिनियर म्हणाला, रेकॉर्डला ४०० आलेली आहेत, ही कुठली बाकडी? ही घेतली तर माझ्याकडे ५४० होतील, ती मी कुठे दाखवू? चलनावर सही देईना, शिक्का देईना. ट्रक दोन दिवस उभा. ड्रायव्हरचा भत्ता चालू. म्हणजे चोरी करताना कागद सुरळीत चालला आणि परतफेड करायला गेलो तर कागद आडवा आला.

तिसऱ्या रात्री पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत बाकडी उतरवली. पोच नाही, चलनावर सही नाही. आमच्याकडे माल दिल्याचा एकही कागद नाही.

त्यानंतर पाहुण्यांचे फोन बंद झाले. आधीच्या दोन कामांचे मिळून नऊ लाख चौदा महिने अडकले, दर वेळी फाइलवर नवी त्रुटी. निखिलने नवीन टेंडर भरायचं बंद केलं, डिजिटल सिग्नेचरचे बाकीचे पेनड्राइव्ह पाहुण्यांना परत पाठवले. काम परत ऑटोवर आलं, जॉबवर्क, कमी मार्जिन. अकरा माणसं कमी करावी लागली, त्यातले सात जण असे होते ज्यांना या कशाचा पत्ताही नव्हता. मेधाताई आठ महिन्यांनी सोडून गेल्या, कोणी काढलं नाही, पण निखिल त्यांच्याशी फक्त ईमेलवर बोलायला लागला होता, समोरासमोर बसलेले असतानासुद्धा. ते किती दिवस सहन करणार. आता त्या चाकणला एका कंपनीत आहेत, पगार कमी आहे, रिटर्नवर सही दुसऱ्याची असते.

आणि मग ती गोष्ट घडली जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो. २०२३ च्या शेवटी एका रिटायर्ड शिक्षकांनी माहिती अधिकारात बाकड्यांची फाइल मागवली. आमची त्यांची ओळख नाही. त्यांनी रोज सकाळी फिरता फिरता बाकडी मोजली होती, वहीत, बागेप्रमाणे. त्यांची मोजणी २६० च्या जवळपास आली आणि त्यांनी रीतसर तक्रार केली. विचार करा, बाहेरच्या माणसाने, कुठलीही आतली माहिती नसताना, बरोब्बर चोरी पकडली. चौकशी लागली. चौकशीला अधिकारी आले, मोजणी केली, टाकीमागची १४० धरली. चारशे भरली. तक्रार निकाली.

त्यांना कळवणार कसं, की गुरुजी तुमचं बरोबर होतं? आमच्या प्रामाणिकपणाने त्यांना खोटं पाडलं. काकांनी माल दिला तो देवाला पोचला असेल, पण इकडे सगळ्यात जास्त उपयोग पाहुण्यांनाच झाला, आणि तोही काकूंच्या दागिन्यांवर.

परत हीच वेळ आली तर

मी काय वेगळं करेन याचा बराच विचार केलाय.

पत्र आधी, माल नंतर. तारखेसकट, आवक क्रमांक घेऊन, 'एवढा माल दिला, एवढा द्यायचा आहे, जास्तीचं बिल वसूल करा' असं. त्याने कारखान्यावर गुन्हा दाखल झाला असता का? झालाही असता. पण मग ट्रक दोन दिवस उभा राहिला नसता आणि टाकीमागची बाकडी कोणाला मोजता आली नसती. निखिल फाशीचा दोर म्हणाला तो अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून पत्राच्याही आधी चांगल्या फौजदारी वकिलाकडे बसायला हवं होतं. मी टॅक्सवाला, मी माझ्या लायकीबाहेरचा सल्ला दिला. रविवारी पोह्यांसमोर बसून असले निर्णय होत नाहीत.

स्पर्धा आयोगाचं दार निदान ठोठावून बघायला हवं होतं. नऊ सपोर्ट टेंडरचे ईमेल होते, रेट सांगणारे मेसेज होते, तीन फर्मची बिडं एका कॉम्प्युटरवरची होती. पहिला येणाऱ्याला सगळ्यात जास्त सूट मिळते, आणि रिंगमधला दुसरा कोणीतरी आधी पोचला तर तुम्ही फक्त आरोपी. अशी घाई करायला लावणारा कायदा आहे हे मला माहीत असून मी त्याला 'आपल्यासारख्यांचं काम नाही' म्हणलं.

कागद. मी मेधाताईंना सांगितलं होतं की कंपनीचे कागद घरी नेऊ नका, चोरीचा आळ येईल. ते अजूनही बरोबर वाटतं. पण त्यांनी स्वतःच्या वहीत तारीखवार लिहून ठेवायला, स्वतःच्या फोनवर आलेले मेसेज न पुसता जपायला काय हरकत होती? फोन बदलला तेव्हा सगळं गेलं. आज त्या म्हणाल्या की मला सांगितलं म्हणून मी केलं, तर ते सांगितल्याचा पुरावा शून्य आहे.

आणि २०२१ चा तो पेनड्राइव्ह. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक छोट्या कारखानदाराला मी आता विचारतो, तुमची डिजिटल सिग्नेचर कोणाकडे असते? उत्तर ठरलेलं, 'ऑफिसमध्ये, ड्रॉवरला'. पासवर्ड? 'मॉनिटरवर चिकटवलाय'. कोऱ्या चेकवर सही करून ठेवाल का विचारलं की हसतात. काकांच्या नावाने नऊ टेंडर गेली आणि काकांनी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं, तरी कायद्याच्या नजरेत सही काकांचीच.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. काकांनी माल दिला नसता, पत्रही दिलं नसतं, नुसतंच स्टीलचं बिल नाकारून गप्प बसले असते, तर गुरुजींची तक्रार टिकली असती. म्हणजे सगळ्यात कमी प्रामाणिक पर्यायाने सगळ्यात जास्त सत्य बाहेर आलं असतं. मेधाताईंना हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, सर, तेव्हा तुम्हाला तरी कुठे माहीत होतं कोणी गुरुजी मोजतायत.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला होता, पोर्टल बघायची सवय सुटली नाही म्हणाल्या. त्याच संस्थेचं नवीन टेंडर आलंय. विविध ठिकाणी बसवलेल्या स्टील बाकड्यांची दुरुस्ती आणि रंगकाम, ४०० नग. तीन बिड आलीत. सगळ्यात कमी रेट ड्रायव्हरच्या फर्मचा, अर्धा टक्का बिलो.